दोन हेडफोनांची समान श्रवणव्यवस्था

मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी आमच्या खाडीकाठच्या गावातील समाजमंदिरात दोनशे बारा ग्रामस्थ, एक संगणक आणि दोन हेडफोन उपस्थित होते. लोकशाहीत ऐकणे सर्वांत महत्त्वाचे. कोणी कोणाचे ऐकायचे, हा पुढचा तपशील होय.

विषय : मासळी सुकवण्याच्या मैदानावर पर्यटकांसाठी वाहनतळ. हरकती ऐकण्यासाठी साहेब जिल्ह्याच्या ठिकाणाहून पडद्यावर अवतरले. स्पीकरमधून त्यांचा आवाज घुमून त्यांनाच परत ऐकू येऊ लागला. (स्वतःचे बोलणे ऐकण्याचा प्रसंग अधिकाऱ्यांवर सहसा येत नाही, ते अस्वस्थ झाले.) स्पीकर बंद करून हेडफोन लावण्याचा आदेश निघाला.

एकच लावावा, तर तो पुरुषांचा की बायकांचा, यावर वाद झाला. तेव्हा विद्युत शाखेची पदविका असलेला गावातील एकमेव इसम या नात्याने मी रेवदंड्याहून आणलेली दोन तोंडांची पिन जोडली. पुरुषांतर्फे बुधाजी आणि बायकांतर्फे नीराबाई (यांचे बोंबील त्याच मैदानावर सुकतात) यांच्या कानांत साहेब एकाच क्षणी, समान आवाजात पोहोचले. उरलेल्यांनी प्रगतीकडे पाहायचे होते.

"सायेब म्हंतान, हरकत असंल तर बोला," बुधाजींनी सभेला कळवले.

"सायेब, आमी बोंबील कुठं सुकवाचं? तुमचे गारीचे टपावर?" नीराबाई पडद्याला म्हणाल्या.

साहेबांनी कानामागे हात धरला. नीराबाईंनी आवाज चढवला.

"वरडू नको गो! माजे कानान सायेब बोलतान!"

"मंग त्याला सांग गप बस म्हून! माजा पोट त्या मैदानावर हाय!"

येथे तांत्रिक खुलासा आवश्यक आहे. पिन घालताच संगणक स्वतःचा माइक बंद करून पिनेतल्या माइकची वाट पाहतो, आणि आमच्या हेडफोनांना माइक नव्हता. हा दोष नव्हे. सुनावणीच्या परिपत्रकात 'ग्रामस्थांना ऐकू येईल अशी व्यवस्था करावी' एवढेच होते. बोलण्याची सोय कोणी मागितली नव्हती, आणि मागणीबाहेरचे काम मी करत नाही.

अखेर सारी सभा उठून हात नाचवत ओरडू लागली. पडद्यावर एवढे हात वर झालेले पाहून साहेब भारावले. एकमताने पाठिंबा दिल्याबद्दल त्यांनी आभार मानले आणि ते अंतर्धान पावले.

"मास्तर, सायबानी ऐकला का माजा?" नीराबाईंनी मला विचारले.

"तुम्हाला नीट ऐकू आलं ना? दोन्ही कानांत?"

"आला."

"मग जोडणी उत्तम आहे."

मैदानावर आता डांबर आहे. बोंबील घरच्या पत्र्यावर, मावतील तेवढे, सुकतात. इतिवृत्तात हरकती शून्य, संमती दोनशे बारा. नियम सरळ आहे : जो दिसतो पण ऐकू येत नाही, तो अनुकूल.

वाचक महाशय, आपणही येथवर वाचत आलात. अधूनमधून हसताना दिसलात. हरकत काही ऐकू आली नाही.

सुधारित नोंद : संमती २१३.