परबकाकांचं दाभण

परबकाका लग्नाला आले की वधूवरांच्या आधी रिकाम्या बाटल्यांना भेटतात. खिशातून गोणी शिवायचं दाभण काढतात आणि पाण्याच्या प्रत्येक रिकाम्या बाटलीच्या बुडाला दोन भोकं पाडतात. मग निवांत जेवायला बसतात.

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. मुलुंडला रंगाच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, मिथेनॉलची पिंपं त्यांच्या ताब्यात. त्यामुळे इच्छा असो वा नसो, आम्हा सगळ्यांना माहीत आहे की ते पिंप उन्हात ठेवायचं नाही, ओतताना अर्थिंगची तार जोडायची, हातात रबरी मोजे हवेत कारण ते कातडीतूनही आत शिरतं, आणि पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाळाही दिसत नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी हे सगळं व्याह्यांना कोपऱ्यात गाठून सांगितलं. व्याही अजून मला विचारतात, ते गृहस्थ बरे आहेत ना.

"लेबल कुठाय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. सत्यनारायणाच्या तीर्थालाही त्यांनी तो विचारला होता. भटजी स्वभावाने चांगले, नुसते हसले.

जोशीवहिनी मात्र हसल्या नाहीत. गोदावरीचं पाणी आणायला त्यांनी जिन्यातली एक रिकामी बाटली उचलून नाशिकला नेली, आणि घोटी येईपर्यंत सगळी गोदावरी त्यांच्या साडीत. तक्रार आली. मी सेक्रेटरी. पत्र लिहायचा मला कंटाळा, म्हणून तोंडीच झापायचं ठरवलं.

शनिवारी मी गाडीने वांद्र्याला निघाले होते. काका दर शनिवारी वाकोल्याला त्यांच्या कारखान्यातल्या तावड्यांकडे जातात, म्हणून त्यांना बरोबर घेतलं. गोरेगावपर्यंत मीच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग समोर बघत सगळं सांगितलं.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घरचा स्टोव्ह पेटवायला ते कारखान्यातून थोडं मिथेनॉल, त्यांच्या भाषेत स्पिरिट, पाण्याच्या बाटलीतून न्यायचे. एक दिवस ती बाटली कारखान्यातल्या टेबलावरच राहिली आणि काकांचं लक्ष जाईपर्यंत उन्हातून आलेले तावडे पाणी समजून दोन घोट प्यायले होते. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळं पांढरं दिसायला लागलं, आणि आठवडाभरात तेही दिसेना.

"लगेच बोललो असतो ना, तर डोळे वाचले असते गं. नोकरी जाईल म्हणून रात्रभर गप्प बसलो."

बाटली कुणाची, हे त्यांनी तावड्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. दर शनिवारी सांगायचं ठरवूनच जातात म्हणे. पण त्याने दार लावून घेतलं तर, असं त्यांनी मलाच विचारलं. मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली. वांद्र्याचं काम मी रद्द केलं.

वाकोल्याच्या त्या खोलीत तावडेही एकटेच. काकांनी त्यांना पेपर वाचून दाखवला, हाताची नखं कापून दिली आणि आत चहा ठेवायला गेले. भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर तावडे माझ्या दिशेला वळले. काकांनी गाडीत मला काही सांगितलं का, असं त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता येईना.

"बाटली तेचीच होती, बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "स्टोव्हासाठी स्पिरिट न्हेणारो तो एकटोच. पण तू काय बोलू नको. माका ठाव आसा ह्यां तेका कळलां, तर लाजेन तो येवचो नाय. मगे माझ्याकडे कोण येतलो?"

काका तीन कप घेऊन आले. तावड्यांच्या हातात कप नीट बसेपर्यंत त्यांनी आपला हात काढला नाही.

परतताना हायवेला लागल्यावर काका म्हणाले, "आज सांगणारच होतो. पुढच्या शनिवारी नक्की."

मी म्हटलं, "घाई काय आहे, काका."