मामंजींचा कार्बन

नवी सून उंबरा ओलांडून घरात आली, की सासरा तिच्या हातावर काहीतरी ठेवतो. कुणी साडी देतं, कुणी अंगठी, कुणी निदान नोटेचं पाकीट. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, माझ्या हातावर पेन्सिल ठेवली. साधी लाकडी पेन्सिल, टोक काढलेली. मी ती हातात धरून बघत राहिले आणि कुरुंदवाडहून आलेली माझी आई माझ्याकडं बघत राहिली. मामंजी भरल्या घरात खड्या आवाजात म्हणाले, "हिरा द्यायची आपली ऐपत न्हाय, पोरी. ही हिऱ्याची सख्खी भैन हाय. आतला माल त्योच. कार्बन हाय त्यो."

पाहुण्यांत खसखस पिकली. मला वाटलं, माणूस थट्टेखोर दिसतोय, दिवस बरे जातील. पुढं कळलं की मामंजी थट्टा कधीच करत नाहीत. ते जे काही बोलतात ते अगदी मनापासून बोलतात, आणि हेच आमच्या घराचं दुखणं होतं.

मामंजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत प्रयोगशाळेत होते. भट्टीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतण्याआधी त्याचा नमुना त्यांच्यापुढं यायचा आणि त्यात कार्बन बरोबर आहे की नाही ते मामंजी सांगायचे. कार्बन बिघडला की माल बिघडला. उभी हयात हेच केल्यामुळं त्यांना माणसंही ओतीव दिसायला लागली होती. आमच्या ह्यांच्या साहेबांना एकदा चहाला बोलावलं होतं. साहेब जिना उतरायच्या आत मामंजींचा निकाल आला, "ह्येचा कार्बन बिघडलाय. वरनं टणक दिसतंय, ठोकलं की तुकडं पडणार." साहेबांनी ते ऐकलं असावं, कारण ते पुन्हा कधी आमच्याकडं आले नाहीत. मी भांडायला लागले की मला सुद्धा हेच ऐकावं लागे, "सुनंदा, आज तुझा कार्बन बिघडलाय."

का नाही बिघडणार? मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची नोकरी संपत आली होती. ती संपली आणि प्रयोगशाळा शाहूपुरीतल्या आमच्या तीन खोल्यांत राहायला आली. टॉर्चचे संपलेले सेल ते गल्लीतून गोळा करून आणत आणि मागच्या परसात दगडानं फोडत. आतली काळी कांडी म्हणजे कार्बन. ती ते पुसून-बिसून कपाटात मांडून ठेवत. कांडीभोवतीची काळी पूड मात्र वाऱ्यावर सोडून देत, आणि ती नेमकी माझ्या दोरीवरच्या धुण्यावर येऊन बसे. ह्यांचे पांढरे शर्ट मी किती वेळा पुन्हा धुतले त्याला हिशेब नाही. भिंतीवर, दारावर, मिठाच्या बरणीवर सगळीकडं त्यांच्या अंगठ्याचे काळे ठसे. दिवाळीला रंग दिला की चौथ्या दिवशी पुन्हा घर शिक्के मारल्यासारखं दिसायचं.

बरं, माणूस रागावेल तर शपथ. भाकरी करपली तर दुसऱ्या घरात सासरा ताट सरकवतो. मामंजी करपलेला पापुद्रा उजेडात धरून बघत. "बघ, पाणी उडालं, ह्यो ऱ्हायला. पिठातबी असतोय, साखरंतबी असतोय. नुसता लपलेला असतोय." मग तो कुरुकुरू खात. एकदा पाहुण्यांसमोर बासुंदी लागली, तर आख्ख्या पंगतीला त्यांनी समजावून सांगितलं की लागणं म्हणजे नक्की काय. माझी लागलेली बासुंदी कुणाच्या लक्षातही आली नव्हती, ती अशी सगळ्यांच्या लक्षात आली.

तेव्हा मी शाहूपुरीतच एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात टाइपिस्ट होते. संध्याकाळी दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "आणलास का कागद?" कागद म्हणजे वापरून झालेला कार्बन पेपर. मी आणत असे, कारण नाही आणला तर ते स्वतः ऑफिसात येऊन मागत. एकदा आले होते. सगळ्या स्टाफला पेपर उजेडात धरून दाखवला, काजळी कुठं गेली आणि कुठं राहिली ते. पुढं ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि कार्बन पेपर गेला. ते मी घरी सांगितलं, तर मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. ओळखीचं कुणी गेल्यासारखे खाटेवर बसून राहिले.

सगळ्यांत शरम वाटली ती गुजरीत, सराफांच्या पेठेत. माझ्या चुलत नणंदेच्या लग्नाचे दागिने घ्यायला आम्ही बायका-बायका निघालो होतो, मामंजी आपले बरोबर आले. सराफ नाकात घालायची हिऱ्याची चमकी मखमलीवर ठेवून दाखवत होता. मामंजी पुढं वाकून म्हणाले, "पावणं, ह्यो जळतोय, ठावं हाय न्हवं? भट्टीत घातला तर सोनं वितळून खाली सापडंल. ह्येचा धूरबी दिसायचा न्हाय." सराफानं मखमल गुंडाळली ती गुंडाळलीच. नणंदेची आई पुढं महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती, जणू मीच हिरा जाळला होता.

ह्या माणसाबरोबर संसार केला तो माझ्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू. त्या कार्बनबद्दल एक अक्षर ऐकून घेत नसत. त्यांचं व्यसन एकच, मिसरी. दर दोन-चार दिवसांनी त्या तव्यावर तमाखू जाळायला घेत. धूर असा उठे की शेजारच्या घरातली माणसं खोकायला लागत. मग ती काळी मिसरी कुटून डबीत भरायची, डबी उशाशी ठेवायची आणि सकाळ-दुपार बोटानं दातावर फिरवत बसायचं.

मामंजींना तो वास अजिबात खपत नसे. दोघांचं भांडण लागलं की मी स्वयंपाक सोडून ऐकत उभी राहत असे.

"अगं, शेवटी कोळसाच लावतीस न्हवं दाताला? मग बाभळीचा लाव की. ह्यो वास तरी मारायचा न्हाय."

"तुमच्या कोळशाला वास न्हाय का चव न्हाय. तुमच्यासारखाच हाय."

ह्या मिसरीपायीच पिशव्या सुरू झाल्या. मामंजींनी बाभळीचा कोळसा कुटला आणि जुन्या धोतराच्या छोट्या छोट्या पिशव्या शिवून त्यात भरला. "कोळसा वास खातोय," ते म्हणत. "कसलाबी वास असू दे. जवळ ठेवला की वडून घेतोय." पहिली पिशवी आत्याबाईंच्या उशाखाली गेली. मग कपाटात, फ्रिजमध्ये, चपलांच्या खणात. माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत सुद्धा एक निघाली, आणि शालूवर बोटभर काळा डाग. मी तो डाग मामंजींच्या नाकापुढं धरला, तर ते वास घेऊन म्हणाले, "बघ, डांबरगोळीचा वास गेला की."

आत्याबाई थंडीच्या दिवसांत गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत. सकाळी मिसरी लावली, चूळ भरली आणि भिंतीला टेकून बसल्या त्या उठल्याच नाहीत. मामंजी रडले नाहीत. दिवसवार आटोपल्यावर त्यांनी आत्याबाईंची वाकळ उचलून आपल्या खाटेवर टाकली आणि त्या दिवसापासून माझा खरा वैताग सुरू झाला.

वाकळ म्हणजे जुन्या साड्या थरावर थर घालून शिवलेलं पांघरूण. ही आत्याबाईंनी स्वतः शिवलेली होती. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुवायचं असतं. त्या दिवसांत पंचगंगेचा घाट वाकळांनी झाकून जातो. घरात एक फडकं सुद्धा बिनधुतलं ठेवायचं नाही, आणि आमच्या घरात ही एक वाकळ बिनधुतली. पहिल्या वर्षी मामंजी तिच्यावर मांडी घालून बसले, उठेचनात. दुसऱ्या वर्षी नदीवर जायच्या सकाळी वाकळच गायब. खालच्या सायकलवाल्याकडं ठेवून आले होते, संध्याकाळी बगलेत मारून परत. जो माणूस चपलांच्या खणात पिशवी ठेवतो, शेजाऱ्यांच्या सुक्या बोंबलांच्या वासावरून भांडतो, त्याला आपल्याच अंगावरच्या मळक्या वाकळेचं काही नाही. मी ओरडले, गोडीनं सांगितलं, ह्यांना मध्ये घातलं. ह्यांनी नेहमीप्रमाणं पेपर डोळ्यांपुढं धरला. एका वर्षी माझी आई आली होती. तिनं ती वाकळ बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हाताऱ्याचं अंथरूण असं ठेवतीस व्हय गं?" ते मला फार लागलं.

पुढच्या घटाला आई पुन्हा यायची होती, आणि ह्या खेपेला मी हार मानणार नव्हते. सकाळी मामंजी गवळ्यांच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेले. मला एकदम सुचलं. धुवायची नाही ना? राहू दे. कोळसा वास खातो ना? मग खाऊ दे. मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, वाकळेची घडी आत ठेवली, आणि घरातल्या मिळतील तेवढ्या पिशव्या गोळा करून वर, खाली, घडीघडीत घातल्या. झाकण लावून कडी घातली. त्यांच्याच शास्त्रानं त्यांना गप्प केलं म्हणून मी अगदी खुशीत फरशी पुसत होते.

मामंजी आले. खाटेकडं बघितलं. "वाकळ?"

"ट्रंकेत ठेवलीय, मामंजी. धुतली नाही. तुमच्या कोळशात ठेवलीय. पंधरा दिवसांत सगळा वास जाईल."

मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांचा चेहरा असा उतरला की मी फडकं तसंच हातात धरून उभी राहिले. ते ट्रंकेपुढं खाली बसले. कडी त्यांच्या हाताला निघेना. मी पुढं झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि दोन्ही हातांनी ओढून ती काढली. मग एकेक पिशवी काढून मागं फेकायला लागले, बघत सुद्धा नव्हते कुठं पडते ते. एक फुटली. नुकत्या पुसलेल्या फरशीवर काळी पूड पसरली. मी तोंड उघडलं होतं बोलायला.

त्यांनी वाकळ बाहेर ओढली आणि तिच्यात तोंड खुपसलं. पाठ हलत होती तेवढंच.

"मामंजी," मी म्हटलं, "काय झालं?"

"सगळीकडनं काढला मी तिचा वास," ते वाकळेतूनच बोलले. "उशी, कपाट, दार. तिच्या हयातीतच काढला. ही एक ऱ्हायलीती." मग तोंड वर केलं. नाकाला, कपाळाला कोळसा लागला होता. "मला येईना, सुनंदा. तसं लई दिवस झालं, नीट येत न्हवता. मी म्हणायचो, वयानं माझंच नाक गेलं. आज तर काईच येईना. तू बघ. तुझं नाक चांगलं हाय."

ते लहान मुलासारखी वाकळ पुढं धरून बसले होते. मी फडकं ठेवलं, त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि वाकळेत नाक घातलं. जुन्या सुताचा वास होता, घामाचा होता, ट्रंकेच्या पत्र्याचा होता. मिसरीचा नव्हता. घटकाभरच्या कोळशानं तो गेला नव्हता, केव्हाच गेलेला होता. इतकी वर्षं मी ज्या वाकळेवरून मामंजींशी भांडत आले, त्या वाकळेत आत्याबाई नव्हत्याच, आणि मामंजी रोज रात्री तिथंच त्यांना शोधत होते. बरं झालं, माझं तोंड वाकळेत होतं.

"येतोय," मी म्हणाले.

"मिसरीचा?"

"मिसरीचाच. डोकं धरलं माझं."

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी नाकाला पदर लावला, आत्याबाई तव्यावर तमाखू जाळायच्या तेव्हा लावत असे तसा. तेव्हा कुठं त्यांचा चेहरा सैल पडला.

"लई वंगाळ वास," मामंजी म्हणाले. त्यांनी वाकळेची नीट घडी घातली आणि ती मांडीवर घेतली. "मग न्हाय धुवायची?"

"न्हाय धुवायची," मी म्हणाले, आणि पुसायला पाणी आणायचं निमित्त करून न्हाणीत गेले.