वाफाळत्या चहाची साक्ष

गायकवाड सरांकडे चहाला जायचं, तर पोटात आधी काहीतरी टाकून जावं. सर चहापूर्वी प्रार्थना करतात आणि ती जगाला वळसा घालून आमच्या बमरोलीला परत येते.

सर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. "पहिला तो, मग माणसं. रागवायचं नाही," हे त्यांचं सूत्र. सुशीलाकाकूंना त्यांनी ते लग्न ठरतानाच ऐकवलं होतं. काकू म्हणतात, दुसरा नंबर तर दुसरा. तिसऱ्यावर नणंद होती.

सरांकडे पुरावाही होता. देवाला आधी वेळ देणाऱ्याचा चहा प्रभू थंड होऊ देत नाही, अशी साक्ष त्यांनी भर चर्चमध्ये दिली होती. खालचे पटेलभाई "सर, चा ठंडी थई जशे" असं कुजबुजले, की सर मिटल्या डोळ्यांनी हसत. आमेन म्हणून डोळे उघडले, की समोर वाफाळता कप.

प्रभूची ही करणी मला माझ्या खुर्चीवरून स्वच्छ दिसायची. सर विचारत, चहा झाला का? काकू बिनदिक्कत "झाला" म्हणत. मग प्रार्थना आजाऱ्यांवरून मिलमजुरांवर आली की गॅस पेटवत आणि शेजाऱ्यांवर आली की दूध घालत. मी गप्प राहिलो. चांगल्या चहात मिठाचा खडा कशाला टाका?

गेल्या वर्षी काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नवसारीला गेल्या. सर स्वतः चहा करून प्रार्थनेला बसले. आमेन म्हणेपर्यंत कपावर साय. दुसऱ्या दिवशीही साय. देव रागावला म्हणून सर आपली पापं शोधू लागले. एका विद्यार्थ्याचा गणितात चुकून एक मार्क कापला होता, त्याला फोन करून क्षमा मागितली. तरी साय काही हटेना. आता आपली प्रार्थनाच पोचत नाही म्हणत त्यांनी चर्चला जाणं सोडलं, तेव्हा मला राहवेना. मी गॅसची सगळी हकीकत सांगून टाकली.

सरांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षांत तिला माझ्याबरोबर एकदाही डोळे मिटता आले नाहीत."

काकू काठी टेकत परतल्या आणि सरांनी आम्हाला चहाला बोलावलं. क्रम तोच, पहिला तो. मिलमजूर आले, काकू उठल्या. शेजारी आटोपले, तरी आत कप वाजतच होते. सरांनी ब्राझील घेतलं. मग झांबिया. मग समुद्रातली झाडून सगळी बेटं. त्यांचा एक डोळा किंचित उघडा होता.

काकूंनी कप आणून ठेवले, खुर्चीत टेकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. आता आमेन येणार म्हणून पटेलभाई सरसावले. सरांनी मात्र उघडा डोळा मिटला आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली.

आमेन झालं तेव्हा चहावर जाड साय धरली होती. सरांनी घोट घेतला आणि काकूंकडे बघत म्हणाले, "गरम आहे."