रत्नाबाईंचं ताजं उत्तर

माण गावात रत्नाबाईंच्या खाणावळीत बुधवारी संध्याकाळी आयटी पार्कातली झाडून सगळी पोरं मटण खायला आली आणि त्यांच्या ताटात मेथीची भाजी पडली.

"मटण दुपारी होतं," रत्नाबाई म्हणाल्या.

"पण मावशी, ॲपवर आत्ता पण मटणच दाखवतंय," एकाने मोबाइल पुढे केला.

रत्नाबाईंनी मोबाइलकडे पाहिलं नाही, शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या पोराकडे पाहिलं. रोहित शांत होता. इंजिनिअर झाल्यापासून तो सहसा शांतच असे, कारण चूक आपली असू शकते ही शक्यता त्याच्या डोक्यात फारशी येत नसे. ॲप त्यानेच बनवलं होतं. कुणी 'आज काय?' हे बटण दाबलं की स्वयंपाकघरातला फोन मोठ्याने विचारायचा, "मावशी, आज काय?" रत्नाबाई जे बोलतील ते अक्षरांत उतरून विचारणाऱ्याच्या मोबाइलवर जायचं. आईला सारखा त्रास नको म्हणून त्याने मध्ये एक कॅशे ठेवला होता. आलेलं उत्तर कॅशे स्वतःजवळ जपून ठेवायचा आणि पुढच्या सगळ्यांना तेच द्यायचा. दुपारचं मटण त्याने संध्याकाळपर्यंत जपलं होतं.

"काढून टाक मग त्याला," दारातल्या खाटेवरून रोहितचे वडील हैबतराव म्हणाले.

"आबा, तो सगळ्या ॲपमध्ये गुंतलाय. काढायचा म्हणजे सगळं उसवायला लागंल. त्याच्या जागी मी दुसरा बसवतो. दिसायला तसाच, पण काहीच न करणारा. उत्तर दिलं तर टाकून देणार, इचारलं तर म्हणणार, माझ्याकडं न्हाई, आत इचारा."

"म्हंजी तुज्या आबांवानी," रत्नाबाई म्हणाल्या.

हैबतरावांनी मान हलवली. असा माणूस घरात असावा, असं त्यांचंही मत होतं.

प्रकरण साधं नव्हतं. शुक्रवारी एका कंपनीच्या अपूर्वा मॅडम जेवायला येणार होत्या. त्यांना ॲप आणि जेवण दोन्ही पसंत पडलं, तर रोज साठ डबे. डबे मिळाले तर रोहित घरचा धंदा वाढवणार होता. नाही मिळाले तर सोमवारपासून भुकूमला चुलत्याच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं, असा करार हैबतरावांनी त्याच्याकडून कबूल करून घेतला होता. सिमेंटच्या नुसत्या विचाराने रोहितला शिंका येत.

गुरुवारी त्याने नवा कॅशे बसवला आणि स्वतःच बटण दाबून पाहिलं. फोनने विचारलं, आईने "पिठलं" म्हटलं, मोबाइलवर पिठलं आलं. काम फत्ते झालं म्हणून रोहित गावात मिरवून आला.

शुक्रवारी सकाळी फोन बोलला, "मावशी, आज काय?"

"भरली वांगी."

दोन घास गिळायला लागतात तेवढ्या वेळात पुन्हा, "मावशी, आज काय?"

"वांगीच. आत्ता सांगितलं की."

"मावशी, आज काय?"

"आरं मसाला भरतीया, जरा दम हाय का न्हाई?"

बाहेर रोहित स्वतःच्या मोबाइलवर हे वाचत होता आणि खूश होता. प्रत्येक उत्तर ताजं, जसं तोंडातून निघालं तसं. मग उत्तर आलं, 'कांदा करपला मेल्या तुज्यापायी.' रोहित स्वयंपाकघराकडे धावला.

"आई, नीट बोल, मॅडम बघत असत्याल."

"बंद कर ते आधी." रत्नाबाईंचे दोन्ही हात मसाल्यात होते, म्हणून फोन फुटायचा वाचला होता.

"बंद केलं तर ॲप बंद हाय म्हणून दिसंल. डबे जात्याल."

"मावशी, आज काय?" फोनने विचारलं.

"काय न्हाई. वांगं न्हाई, भाकरी न्हाई. घरी जा आन तुज्या आईला इचार."

ते उत्तरही पोचलं. बटण दाबणाऱ्या रोजच्या पोरांनाही असलीच उत्तरं मिळाली आणि ती मुकाट्याने वडापाव खायला गेली. ऐन जेवणाच्या वेळी खाणावळ ओस पडली आणि रोहितला खरोखरच शिंक आली.

तेवढ्यात दारात गाड्या थांबल्या. अपूर्वा मॅडम उतरल्या आणि त्यांच्यामागून कंपनीतली दहाबारा माणसं.

"सॉरी मॅडम, आज सकाळपासून कोणीतरी सारखं बटण दाबत होतं," रोहित म्हणाला.

"मीच," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे माझा प्रोग्रॅम. आमच्याकडे कुठलीही गोष्ट घ्यायच्या आधी तिला भरपूर छळून बघतात. कुठे मोडते ते कळतं."

रत्नाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तूच व्हय ती? अगं, पोरगी बघायला आल्यावर बी लोक एवढं इचारत न्हाईत."

"मावशी, तुमची उत्तरं वाचायला आमचा अख्खा मजला माझ्या टेबलाभोवती जमला होता. खूप दिवसांनी हसले सगळे. म्हणून ह्यांना घेऊन आले."

"मग बसा. वाढते."

माणसं पोटभर जेवली. करपलेल्या कांद्याला एकाने 'स्मोकी' म्हटलं आणि रस्सा मागून घेतला. हात धुताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून साठ डबे. पण ॲप आहे तसंच पाहिजे, जिवंत उत्तरं देणारं."

"डबे देते," रत्नाबाई म्हणाल्या. "पण तो फोन ह्याच्या हातात राहील. ह्यानं मला सकाळी एकदा इचारायचं आन मग दिवसभर जगाला सांगत बसायचं."

रोहितला मनापासून आनंद झाला. भुकूम टळलं होतं.

सोमवारी तो चुलीकडे पाठ करून स्टुलावर बसला. "आई, आज काय?"

"भेंडी."

बस, मग पठ्ठ्या सुटला. 'भेंडी.' 'कुरकुरीत भेंडी.' 'आमच्या मातोश्रींच्या हातची, लसूण घातलेली भेंडी.' फोन विचारत राहिला, रोहित न थकता, न चिडता सांगत राहिला. मागे फोडणी चरचरली, डबे भरले, टेम्पोतून गेलेसुद्धा. आपल्याइतकं चोख काम अख्ख्या आयटी पार्कात कुणी करत नसेल, याबद्दल त्याची खात्री पटली.

जेवणाच्या सुट्टीत अपूर्वा मॅडमचा फोन आला. "रोहित, इथे सगळे चिडलेत. सकाळपासून भेंडी भेंडी वाचून तोंडाला पाणी सुटलेलं, आणि डब्यात दुधी आहे."

रोहितने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. पातेल्याच्या तळाशी दुधीच होता.

"आई, भेंडीचं काय झालं?"

"जून निघाली. भाजीवाल्याला परत केली, दुधी घेतला."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय? मी हितंच बसलोय की सकाळपासनं."

रत्नाबाईंनी पातेलं उचलून मोरीत ठेवलं.

"तू परत इचारलंस का?"