बोगद्यातला दुसरा भोंगा

छोटी डिझेल इंजिनं बनवण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. आमच्या मधल्या खोलीत माझी कोळसा वाहणारी छोटीशी रेल्वे आहे. एका टोकाला खाण, मग एकेरी रूळ, प्लायवुडचा डोंगर आणि त्यातून जाणारा लांब बोगदा. सासऱ्यांनी खऱ्या कोळशाच्या लाइनवर छत्तीस वर्षं इंजिन चालवलं. एकही अपघात नाही! माझ्या इंजिनांना मात्र ते 'खेळणी' म्हणतात. म्हणून मी ठरवलं, यांचंच इंजिन हुबेहूब बनवायचं आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी 'शाब्बास' वदवून घ्यायचं.

तीन महिने खपलो. केसासारख्या तारेचे कठडे वाकवले, गंज रंगवला, खरा कोळसा कुटून टपावर चोळला. खिडकीतल्या दाण्याएवढ्या ड्रायव्हरला सासऱ्यांच्या मिशासुद्धा लावल्या!

रविवारी दुपारी सासरे आले. चष्मा पुसून वाकले. कठडे पाहिले, गंज पाहिला, मिशा पाहिल्या.

"हं," म्हणाले.

शाब्बास ओठांपर्यंत आलं होतं, शपथेवर सांगतो! मी घाईने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "बोगद्याआधी भोंगा द्यायचा असतो," असं मलाच शिकवत त्यांनी बटण दाबलं.

भोंगा वाजला. बोगद्याच्या आतूनही वाजला.

"आत कोण आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. प्रतिध्वनी असेल."

"लाकडाच्या डोंगराला?"

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दोन भोंगे. आतला जरा घोगरा, फार लांबून आल्यासारखा. सासऱ्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"माझा जोडीदार," ते पुटपुटले. "समोरून येणाऱ्या गाडीवर असायचा. मी भोंगा दिला की त्याच क्षणी तोही द्यायचा, माझी खोडी काढायला. गेल्या वर्षी त्याला पोचवून आलो मी."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भरदुपारी खोली एकदम गार वाटू लागली. सासऱ्यांनी इंजिन हळूच पुढे घेतलं, तशी बोगद्यातही घरघर सुरू झाली. थांबवलं, तर तीही थांबली. मी वाकून आत पाहिलं. अंधारात अंधाराहूनही काळं काहीतरी उभं होतं. सासऱ्यांनी इंजिन पुन्हा सोडलं आणि ते माझ्याकडे सरकू लागलं!

"बाबा, मागे घ्या!"

"मागे का? भेटायला येतोय तो!" सासऱ्यांचे डोळे भरले होते. बटणावरचं बोट काही निघेना.

ते बाहेर आलं. दिवा नाही, खिडक्यांना काचा नाहीत, आत ड्रायव्हर नाही. मी किंचाळलो. सासरे म्हणाले, "ये रे, ये!" आणि धाडकन टक्कर! मिशीवाला ड्रायव्हर उडून जमिनीवर पडला.

बायको धावत आली. "काय झालं?"

"भूत!"

"भूत कसलं? तुमचं अर्धवट राहिलेलं इंजिन आहे ते! बाबा येणार म्हणून सकाळी तुमचं टेबल आवरलं आणि ते बोगद्यात ठेवलं. चाकं रुळांवर नीट बसवली हं, तुम्ही दाखवलंत तशी!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिनाच्या पोटातली चिप कारखान्यातून येते तेव्हा प्रत्येकीचा क्रमांक एकच असतो. तो आपण बदलायचा असतो, नाहीतर एका बटणावर दोन्ही इंजिनं चालतात, आणि तोंडं समोरासमोर असली तर एकमेकांवर येतात. हे मी चार लोकांना शिकवतो! आणि स्वतः विसरलो.

मी सगळं कबूल केलं. मला फार वाईट वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाला त्याचा मित्र मिनिटभर परत दिला आणि लगेच काढून घेतला.

"आत्ता बदलतो क्रमांक," मी म्हणालो.

"खबरदार!" सासरे कडाडले. "अपघातानंतर चौकशी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नसतो. पोरी, कागद आण!"

त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, बायकोची साक्ष घेतली, खाली आमच्या सह्या घेतल्या. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी निलंबित!

याला चार महिने झाले. सासरे रोज दुपारी येतात आणि खोलीचं दार आतून लावून घेतात. मग आतून दोन भोंगे ऐकू येतात आणि त्यांचं हसणं. मी बाहेर बसून माझ्याच रेल्वेला हात लावायच्या परवानगीसाठी अर्ज लिहितोय. हा सातवा!