हिंदुराव ताडपत्रीवाले यांस नकाशाने कायमचे बंद केले त्याची हकीकत

श्री गुरुदेव दत्त. या श्रोतेजन, पुढे सरकून बसावे. खांबास टेकून जे डुलकी काढीत आहेत त्यांनीही जवळ यावे, कारण ही कथा हळू आवाजात सांगण्याजोगी आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, वैशाख मासी, चाकण प्रांती मौजे महाळुंगे येथे जे युद्ध जाहले, त्यात तोफ डागली नाही, घोडे पडले नाही, परंतु एक जिवंत दुकान मेलेले ठरले, आणि त्यास पुनश्च जिवंत करिता करिता थोरथोर घामाघूम जाहले, ती हकीकत पदरचे थोडके मीठ घालोन निवेदन करितो.

राजमान्य राजश्री हिंदुराव ताडपत्रीवाले, मूळ मुलूख कराडाकडील, यांचे ठाणे महाळुंग्यात रस्त्याच्या कडेस होते. टेम्पोचे हूड, ट्रकची ताडपत्री आणि कारखान्यांतील यंत्रांची आच्छादने शिवावी, हीच त्यांची दौलत. पाऊस लागण्याआधी जे काम येई त्यावर अवघे वर्ष निघे. आणि या मुलखाचा दस्तूर ऐसा की, कारखान्यांस सुट्टी रविवारी नसोन गुरुवारी. कोणे काळी विजेची वाटणी करिता हा कायदा पडला आणि पडला तो पडलाच. सबब हिंदुरावही गुरुवारी शटर खाली ओढीत, आणि मग स्नान करून, कपाळी बुक्का लावून, देवळात रोहिदासबुवांचे कीर्तनी वीणा गळ्यात घालोन उभे राहत. तेथे त्यांचे मुख ऐसे उजळे की, दुकानात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारे ते हेच काय, ऐसा संशय पडावा.

ऐशात वैशाख लागला आणि गिऱ्हाईक आटले. यंत्रावर धूळ बसो लागली. कारण उमगेना. तो एके दिवशी आकुर्डीचे दोरीचे व्यापारी मालोजीशेठ यांचा फोन आला. शेठ गहिवरून बोलिले, "वहिनींना द्या जरा. फार वाईट झालं."

हिंदुराव म्हणाले, "काय वाईट झालं?"

"आपण कोण?"

"मी हिंदुराव."

शेठ म्हणाले, "आहो, फोनात तर कायमचे बंद म्हणून आलंय. दुकानच कायमचं बंद, म्हटल्यावर आमी समजलो भाऊ गेले. मी तर फुलं सांगणार होतो."

"आता सांगितलीच असतील तर पाठवा, देवाला व्हतील," ऐसे हिंदुराव बोलिले आणि फोन ठेविला.

तपास करिता निष्पन्न जाहले ते ऐसे की, सांप्रत वाटसरू रस्ता कोणास पुसत नाही, हातातील फोनचा नकाशा पुसतो. त्या नकाशात हिंदुरावांचे दुकानाचे नावाखाली कोणी अज्ञात शत्रूने लाल अक्षरी "कायमचे बंद" ऐसा शिक्का उमटविला होता. ट्रकवाले तो शिक्का वाचून परभारे पुढे जात. कन्या चिरंजीव योगिनी, जी एका कंपनीत हिशेबाचे दफ्तर सांभाळी, तिने नकाशाचे दरबारी अर्जावर अर्ज गुदरले. दरबारातून दर वेळी जाब आला की, सूचनेबद्दल आभार, विचार चालू आहे. तो विचार दिल्लीचे तख्तावरील विचारासारखा लांबला.

तेव्हां घरी मसलत बसली. हिंदुरावांचे मेहुणे, हरहुन्नरी, सर्वज्ञ, विनाकारण काळा चष्मा धारण करणारे राजश्री साहेबराव पाचारिले गेले. त्यांनी चहा घेऊन फर्मान काढिले की, "दाजी, गुरुवारी दुकान उघडं ठेवा. कंपनीतला माणूस मोकळा असतो गुरुवारी, येतो तो गुरुवारीच. आला की शटर बंद. मग तो दुसरं काय समजंल?"

हिंदुराव म्हणाले, "आणि वीणा?"

"वीणा द्या कुणाला तरी. उभंच तर राहायचं असतंय."

यावर सुमनताई, जी हिंदुरावांची धर्मपत्नी आणि साहेबरावांची थोरली बहीण, तिने बंधूचे पुढील चहाचा कप उचलून आत नेला. कर्जदार होणे हिंदुरावांस ठाऊक होते, उपाशी निजणेही ठाऊक होते. परंतु बुवा अभंग धरतील आणि पाठीशी आपण नसू, हे त्यांचे मनास सोसेना. येणेप्रमाणे प्रश्न सरळ येऊन ठेपला की, दुकान राखावे की गुरुवार राखावा.

मग योगिनीने अर्ज केला की, "आप्पा, आपली स्वतःची वेबसाइट काढू."

साहेबराव हसले. म्हणाले, "ताडपत्री शिवणाऱ्याला वेबसाइट? मोटारी बनवणाऱ्यांचं काम ते. आपल्याला व्हॉट्सॅप हाय, नकाशा हाय. सगळं फुकट."

"फुकटच्यानंच मारलं ना मामा," योगिनी बोलिली. "तो मुलूख दुसऱ्याचा. तिथं कुणीही वाटसरू येतो आणि आपल्याला मेलेलं ठरवतो. आपलं घर असलं की दारावर काय लिहायचं ते आपण ठरवू."

हा जबाब ऐकोन साहेबरावांनी काळा चष्मा पुसला, आणि मग वेबसाइटची कल्पना मूळची आपलीच ऐसे बोलो लागले.

पुढे या गढीचे, म्हणजे वेबसाइटीचे, बांधकाम सुरू जाहले. योगिनीने पत्ता नोंदविला, पायाभरणी केली. छबी काढणेस हिंदुराव उभे केले, तो ते पोलिसांनी धरून आणल्यागत उभे राहिले. हसा म्हणोन हुकूम झाला असता त्यांनी दात दाखविले, ते पाहोन छबी काढणेच रहित केले आणि हुडाची छबी घातली. सुमनताईंनी पहिले पानी दत्तगुरू पाहिजेत ऐसा आग्रह धरिला, तो मान्य केला. साहेबरावांनी "आंतरराष्ट्रीय दर्जा" ऐसा मजकूर स्वहस्ते लिहिला, कारण दुकानातील एक हूड ट्रकासोबत नेपाळचे सरहद्दीपर्यंत जाऊन आले होते. हूड परत येताना फाटले होते, हे त्यांनी लिहिले नाही. आणि योगिनीने, वडिलांस न पुसता, सर्वांचे खाली मोठ्या अक्षरी एक कलम घातले: "दुकान चालू आहे. मालक ठणठणीत आहेत. गुरुवारी ते गावच्या देवळात कीर्तनाला असतात. फार नड असेल तर तिथे या, पण बुवांचे होईपर्यंत बसावे लागेल."

हिंदुरावांनी ते वाचिले आणि म्हणाले, "असलं वाचून कोण येतंय?"

पुढील गुरुवारी कीर्तन रंगात आले होते. मृदंग घुमत होता, टाळकरी भान विसरले होते, बुवा अभंगाचे चरण उकलीत होते. तो रावेतचे राहणारे, चाकणातील एका कारखान्याचे खरेदीचे मुतालिक, राजश्री अनिश, हातात शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, घेऊन दाराशी प्रकटले. जुन्या शिवणाऱ्याने धाडलेली आच्छादने त्यांचे यंत्रांस आखूड पडली होती, पाऊस तोंडावर होता, आणि वरिष्ठांनी त्यांचा जीव नकोसा केला होता. फोनात ताडपत्रीवाला शोधिता योगिनीचे ते कलम वाचून ते आले होते. ते सरळ हिंदुरावांपाशी जाऊन पुसो लागले, "ताडपत्रीवाले आपणच का?"

हिंदुरावांनी वीणा न थांबविता डोळ्यांनी जमीन दाखविली. रोहिदासबुवा कीर्तन थांबवून म्हणाले, "पाव्हणं, बसा. देवाला घाई न्हाई, तुमाला कशाला?" अवघी सभा हसली आणि अनिश बसले. प्रथम घड्याळ पाहत बसले, मग मांडीवर ताल धरीत बसले, आणि अखेरीस शेजारच्या गोजाबाईंनी टाळ हाती दिला तो वाजवीत बसले. ताल चुकत होता. गोजाबाई दर वेळी कोपर मारून नीट करीत.

मग खिचडीचे पंगतीस तहाची बोलणी जाहली. अनिशांनी प्रथम मान खाली घालून कबुली दिली की, "काका, एक सांगायचंय. ते कायमचं बंद मीच टाकलं होतं. दोन गुरुवार आलो, दोन्ही वेळा शटर खाली. बाकीचे दिवस मला शिफ्ट. वाटलं, उगाच कुणाचा हेलपाटा नको."

पंगतीस बसलेल्या साहेबरावांनी चष्मा काढिला आणि बाह्या सरसावल्या. परंतु हिंदुरावांनी शत्रूचे पानात आणीक एक पळी खिचडी घातली आणि म्हणाले, "लोकांची काळजी केलीत, चांगलं केलंत. फक्त मला मारून केलीत. जेवा आता. उद्या सकाळी कंपनीच्या गेटावर मापं घ्यायला येतो."

येणेप्रमाणे अवघ्या कारखान्याचे आच्छादनांचे काम हिंदुरावांचे पदरी पडले आणि गुरुवारही राहिला. अनिशांनी पंगतीतूनच नकाशाचे दरबारी आपला शिक्का मागे घेणेचा अर्ज केला. दरबाराचा विचार अद्याप चालू आहे. फत्ते कोणाची यावर मात्र घरात दोन फौजा आहेत. साहेबराव म्हणतात वेबसाइटीने जिंकिले, सुमनताई म्हणतात दत्ताने धाडिले. सेवकाने दोन्ही पक्ष दप्तरी दाखल केले असोन, ती गढी दत्तगुरूंसह अखंड उभी आहे आणि तीवर हिंदुराव जिवंत आहेत, ऐसे मोहोरबंद करून लिहिले असे.

श्रोतेजन, आता एकच मागणे. या मुलखात कोण्या गुरुवारी तुम्ही खाली ओढिलेल्या शटरापुढे उभे राहाल आणि बोट फोनकडे जाईल, तेव्हां बोट अंमळ थांबवून हिंदुरावांची आठवण करावी. ते आहेत. बुवांचे मागे उभे आहेत.