साहेबांचा माउथ ऑर्गन

नाताळच्या अंकाचं शेवटचं पान अजून कोरंच होतं आणि छापखान्याच्या माणसाचा फोन काही थांबत नव्हता. संपादक प्रत्येक वेळी त्याला "आज संध्याकाळपर्यंत" असं सांगत होता. कोणत्या दिवसाची संध्याकाळ, हे सांगत नव्हता.

तसा तो संपादक नव्हताच. लिफ्ट बसवणाऱ्या आणि बसवलेल्या लिफ्ट पुन्हा पुन्हा दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याचं खरं काम ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्याचं. पण त्याचं शुद्धलेखन बरं आहे असा कुणाला तरी शोध लागला आणि कंपनीची गृहपत्रिका त्याच्या गळ्यात पडली. तेव्हापासून सगळे त्याला संपादक म्हणू लागले. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे तपासण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

शेवटच्या पानाची कल्पना साहेबांची. 'आमच्या आवडीचा नाताळ'. प्रत्येकाने आपलं नाताळचं आवडतं गाणं, सिनेमा, पुस्तक किंवा मिळालेली सगळ्यात आवडती भेट कळवायची आणि सोबत फोटो द्यायचा. फोटो सगळ्यांनी लगेच दिले. मजकूर कुणीच दिला नाही. स्टोअरकीपरने सांगितलं की तो फक्त खोक्यांवरची लेबलं वाचतो आणि त्यातलं एकही नाताळचं नाही. अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, स्वागतकक्षात महिनाभर जे गाणं वाजतंय ते सोडून कोणतंही गाणं लिहा. मेकॅनिक लोकांनी लिफ्टच्या खड्ड्यातूनच ओरडून त्याला खाली यायला सांगितलं. तो गेला नाही.

साहेबांकडे तो सगळ्यात शेवटी गेला. साहेबांनी चष्मा न काढता सांगितलं की माझं तुम्हीच काहीतरी लिहा, तुम्हाला माहीतच आहे मी कसा आहे ते. संपादकाला माहीत होतं ते एवढंच, की साहेब बिनसाखरेचा चहा घेतात आणि लिफ्टची कंपनी चालवत असूनही जिन्यानेच येतात. यातलं काहीच नाताळच्या पानावर घालण्यासारखं नव्हतं.

घरी जेवणाच्या टेबलावर तो ते फोटो पसरून बसला. बायको शेजारी इस्त्री करत होती. त्याने तिला सगळं सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं आणि निम्म्याचा उसासा टाकला.

"शेवटचं पान वाचतं कोण?" ती शर्टाची कॉलर उलटत म्हणाली. "लिही ना तूच सगळ्यांचं, आणि झोप एकदाचा."

पहिलं लिहायला जड गेलं. मग हात मोकळा झाला. स्टोअरकीपरच्या फोटोखाली त्याने एक जाडजूड कादंबरी लिहून टाकली. नाताळच्या सुमाराला बर्फात एकटा अडकलेला दीपगृहाचा राखणदार, आणि 'दर डिसेंबरात मी ती पुन्हा वाचतो'. अकाउंट्सच्या बाईंना त्याने एक जुना कृष्णधवल सिनेमा दिला. त्यात दोघं बर्फ पडत असताना स्टेशनवर भेटतात आणि बोलता बोलता दोघांचीही गाडी चुकते. 'शेवटी रुमाल लागतोच', असंही त्याने बाईंच्या वतीने कबूल केलं.

साहेबांच्या बाबतीत मात्र त्याने विचार केला. भेट महागडी नको, नाहीतर सगळे धास्तावतील. अगदीच क्षुल्लक नको, नाहीतर साहेब नाराज. म्हणून त्याने साहेबांच्या कैलासवासी वडिलांना कामाला लावलं. वडिलांनी लहानपणी नाताळात आणून दिलेला माउथ ऑर्गन, जो पुढे घर बदलताना हरवला. 'त्यानंतर भेटी पुष्कळ मिळाल्या, पण ते सूर पुन्हा सापडले नाहीत.' हे वाक्य त्याचं त्यालाच आवडलं. त्या रात्री त्याला खरंच छान झोप लागली.

अंक निघाला. आतली पानं नेहमीप्रमाणे कुणी उघडली नाहीत, पण शेवटच्या पानावर प्रत्येकाचा फोटो होता, त्यामुळे ते सगळ्यांनी वाचलं. स्वतःच्या फोटोखालचं तर दोन-दोनदा. स्टोअरकीपर टेबलाकडे येताना दिसला तेव्हा संपादकाने मनातल्या मनात माफीची जुळवाजुळव केली. पण स्टोअरकीपर रागावलेला नव्हता. तो खुर्ची ओढून बसला आणि इकडेतिकडे बघत खालच्या आवाजात बोलू लागला. झालं होतं असं, की अकाउंट्सच्या बाईंनी त्याच्याकडे प्रथमच माणूस म्हणून पाहिलं होतं आणि ती कादंबरी कशी आहे असं विचारलं होतं. त्याने सुचेल ते सांगत राखणदाराला पहिल्या वादळापर्यंत आणून ठेवलं होतं.

"पुढे काय होतं त्याचं?"

"कुणाचं?"

"राखणदाराचं. बाईंना मी म्हटलंय, उद्या सांगतो."

संपादकाच्या हातात सहाव्या मजल्यावर अडकलेल्या एका आजोबांची तक्रार होती. ती बाजूला ठेवून त्याने एक होडी किनाऱ्याला लावली. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर पुन्हा आला, कारण होडीत कोण होतं ते बाईंना कळायला हवं होतं. अशा रीतीने तक्रारींची उत्तरं लिहिता लिहिता संपादकाची तोंडी कादंबरी सुरू झाली. बाईंचं म्हणाल तर त्यांना तो सिनेमा आठवला होता. बहिणीबरोबर पाहिला होता म्हणाल्या. फक्त तो रंगीत होता, कृष्णधवल छापलंत ती तुमची चूक.

हे सगळं संपादकाने सोसलं असतं. पण मग साहेबांच्या पत्नीचा फोन आला.

त्यांचा आवाज भरून आला होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्या माणसाने माउथ ऑर्गनबद्दल आपल्याला एका शब्दाने सांगितलं नाही, असं त्या म्हणाल्या. विचारलं की काय हवं, तर म्हणतात काही नको, आणि मग हातरुमाल देऊन वेळ मारून न्यावी लागते. आणि ऑफिसात मात्र मन मोकळं करतात. तुम्ही त्यांना बोलतं केलंत तरी कसं, असं त्यांनी विचारलं. संपादक म्हणाला की साहेब मनातलं फारसं बोलत नाहीत. हे खोटं नव्हतं. खरं काय ते सांगायची वेळ तीच होती, हे त्यालाही कळत होतं. पण समोरून हुंदका आला, मागून स्टोअरकीपर आला, आणि खुलासा करण्यापेक्षा 'हो' म्हणायला कमी दम लागतो. माउथ ऑर्गन दिसायला कसा होता, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, छोटा, चंदेरी, लाल डबीतला.

सोमवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर लाल डबी होती.

"हे काय आहे?"

"माउथ ऑर्गन, साहेब."

"ते मलाही दिसतंय. हा माझ्या आयुष्यात कधी आला?"

संपादकाने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि शेवटी, नोकरीचा विचार करून, मुलीच्या शाळेचाही उल्लेख केला. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते थकल्यासारखे डबीकडे बघत राहिले.

"काल तिने हा माझ्या हातात ठेवला आणि रडायला लागली," ते म्हणाले. "मी म्हटलं, हो, अगदी असाच होता. आता सांगा, दुसरं काय म्हणायला हवं होतं?"

संपादकाने डबी उगाच सरळ करून ठेवली.

"तिने शुक्रवारी सगळ्या स्टाफला घरी चहाला बोलावलंय. मी वाजवणार आहे, असं तिने माझ्या आईलाही सांगितलंय. आता खरं सांगितलं तर ती पुन्हा कधी मला काही देणार नाही. दिलं तरी हातरुमालच."

सराव करायला जागा हवी होती. केबिनच्या भिंती प्लायवूडच्या होत्या. शेवटी दोघं आवारातल्या चाचणीच्या लिफ्टमध्ये शिरले आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली. साहेब आपल्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये इतका वेळ प्रथमच उभे होते आणि दर फुंकरीआधी छताकडे संशयाने बघत होते. डबीत एक घडी घातलेला कागद होता. त्यावर घंटांच्या एका सोप्या गाण्यासाठी कोणत्या भोकात फुंकायचं आणि कुठे श्वास आत ओढायचा याचे आकडे होते. संपादक आकडे वाचायचा, साहेब फुंकायचे. 'चार फुंका, पाच ओढा.' आकडे बरोबर येत होते, गाणं येत नव्हतं. बाहेर मेकॅनिकांनी लिफ्टमधून येणारा आवाज ऐकला, मोटार उघडली आणि बेअरिंगला ग्रीस घातलं. आवाज थांबला नाही तेव्हा पुन्हा घातलं. गुरुवारी त्यांनी लेखी कळवलं की ही लिफ्ट आता भंगारात काढावी.

शुक्रवारी साहेबांच्या दिवाणखान्यात सगळे कडक इस्त्रीच्या कपड्यांत अवघडून बसले होते. कोपऱ्यात नाताळचं झाड होतं, टेबलावर केक होता आणि आरामखुर्चीत साहेबांच्या आई होत्या. वयाने त्यांना ऐकू कमी येई, म्हणून सुनेने ते शेवटचं पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. चहा झाला. साहेबांच्या पत्नीने लाल डबी आणून दिली. साहेब उभे राहिले, घाम पुसला आणि माउथ ऑर्गन ओठांपाशी नेला.

"हरवला नव्हता तो," आई म्हणाल्या.

केक कापणारा हात तसाच राहिला.

"मीच भंगारवाल्याला दिला. रोज जेवणाआधी तेच एक गाणं. तुझे वडील हौसेने आणून मोकळे झाले, दिवसभर बाहेर असायचे ते. ऐकायचं मला होतं."

साहेबांनी संपादकाकडे पाहिलं. संपादकाने केककडे पाहिलं.

"कधीची गोष्ट, आई?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

"आता विचारतोस? तेव्हा पलंगाखाली शिरून शोधत होतास, नाक पुसत. मला सांगावंसं वाटायचं. पण मग तू परत वाजवायला लागला असतास."

साहेबांच्या पत्नीने सासूचा हात हातात घेतला. दुसरं काही सुचेना म्हणून साहेबांनी घंटांचं गाणं वाजवलं. ते लिफ्टमध्ये वाजायचं त्याहूनही वाईट वाजलं. आईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"अगदी असंच," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संपादक कुणाच्या लक्षात न येता निघाला. दाराबाहेर वाकून तो बुटाची नाडी बांधत होता, तेवढ्यात मागून साहेब आले. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, साहेब. मी मनानेच लिहिलं होतं. सांगितलं ना तुम्हाला."

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं. आई या वयात कशाला खोटं बोलेल, असं ते म्हणाले. माउथ ऑर्गन त्यांच्या हातातच होता आणि ते अंगठ्याने तो पुसत होते.

"मला काहीच आठवत नाही हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कोणतं गाणं वाजवायचो मी? आईला विचारलं, तर ती म्हणते ते काही आता लक्षात नाही."

संपादक भिंतीला टेकला. एक बूट बांधलेला होता, एक तसाच होता. आठवडाभराचा शीण पायांत उतरला होता आणि समोर साहेब इतक्या आशेने उभे होते, की त्याला त्यांच्याकडे नीट बघवेना.

"घंटांचं नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "दुसरं होतं, हळू चालीचं. त्यातली शेवटची ओळ तुम्हाला कधी जमायची नाही."

साहेबांनी डोळे बारीक केले आणि कुठेतरी लांब बघितलं.

"हो," ते सावकाश म्हणाले. "शेवटची ओळ. ती अवघडच होती."